हृदय, मेंदू आणि नोंदवही : ज्येष्ठ संशोधकाच्या निवडीविषयी

हृदय आणि मेंदू यांच्या आरोग्याविषयी आधारसामग्रीच्या बळावर संशोधन करणारा ज्येष्ठ संशोधक पाहिजे, अशा आशयाच्या जाहिराती अलीकडे देशोदेशींच्या संशोधनसंस्था प्रसिद्ध करीत असतात. सामान्य वाचकाला अशा जाहिरातीचा अर्थ चटकन उमगत नाही. हृदयरोगावर उपचार करणारा वैद्य त्याला ठाऊक असतो. मेंदूवर शस्त्रक्रिया करणारा शल्यविशारदही त्याच्या ऐकण्यात असतो. परंतु ज्याच्या हाती शस्त्र नाही, जो रोग्याची नाडी क्वचितच पाहतो आणि ज्याचा बहुतेक दिवस आकड्यांच्या सहवासात जातो, अशा माणसाकडून रोगनिवारणाचे कार्य कसे घडावे? आणि अशा माणसाची पारख तरी कशी करावी? या दोन प्रश्नांची उत्तरे देणे हा प्रस्तुत पुस्तिकेचा हेतू आहे.

आधारसामग्री म्हणजे येथे हजारो माणसांच्या रक्तदाबाच्या, रक्ततपासणीच्या, हृदयाच्या विद्युत्-आलेखांच्या, मेंदूच्या प्रतिमांच्या आणि औषधोपचाराच्या वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदी होत. या नोंदींतून रोगाची कारणे शोधणे, तो कोणास होण्याचा संभव अधिक आहे हे आधी ओळखणे आणि तो टाळण्याचा मार्ग दाखविणे, हे या संशोधकाचे काम. ते वरवर पाहता बैठे व निरुपद्रवी दिसते. पण त्यातील चूक एका रोग्यापुरती राहत नाही. ती लक्षावधी लोकांच्या औषधपाण्यात शिरते. म्हणूनच ही निवड जबाबदारीची आहे.

दोन इंद्रिये, एक रक्तप्रवाह

हृदय आणि मेंदू यांचा विचार एकत्र का करावयाचा, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के भरते. परंतु विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जो प्राणवायू वापरते त्यापैकी सुमारे २० टक्के एकट्या मेंदूला लागतो. हा प्राणवायू साठवून ठेवण्याची सोय मेंदूत नाही. हृदयाकडून येणारा प्रवाह काही मिनिटे थांबला तरी मेंदूतील पेशी मरू लागतात. रक्तदाब दीर्घकाळ वाढलेला राहिला, तर हृदयाच्या स्नायूवर ताण पडतो आणि त्याच वेळी मेंदूच्या खोल भागांतील बारीक रोहिण्या जाड व ताठर बनतात. त्यांपैकी एखादी फुटली किंवा बुजली म्हणजे पक्षाघात होतो. अनेक रोहिण्या हळूहळू निकामी झाल्या म्हणजे विचारशक्ती व स्मरणशक्ती क्षीण होत जाते. तात्पर्य, हृद्रोग, पक्षाघात आणि स्मृतिभ्रंशाचा बराचसा भाग ही एकाच मुळाची वेगवेगळी फळे आहेत. मात्र कारण आणि परिणाम यांच्यामध्ये वीस-तीस वर्षांचे अंतर पडते. एका रोग्याच्या खाटेपाशी बसून हे अंतर दिसत नाही. ते दिसते दीर्घकाळ ठेवलेल्या नोंदवहीत.

फ्रॅमिंगहॅमची नोंदवही

अशा नोंदवहीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावाचे आहे. राष्ट्राध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने मृत्यू पावले. त्यांचा रक्तदाब कित्येक वर्षे वाढत होता. पण वाढत्या वयाबरोबर रक्तदाब वाढणे स्वाभाविकच आहे, अशी त्या काळच्या पुष्कळ वैद्यांची समजूत होती. जून १९४८ मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय हृदय अधिनियम संमत झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत बॉस्टन शहराच्या पश्चिमेस असलेल्या या गावात पाहणीस आरंभ झाला. ५,२०९ स्त्रीपुरुष तीत सहभागी झाले. दर दोन वर्षांनी त्यांची तपासणी करावयाची, आणि कोणास कोणता रोग केव्हा होतो हे टिपून ठेवावयाचे, एवढाच कार्यक्रम होता.

१९४९ मध्ये या पाहणीची सूत्रे टॉमस डॉबर या वैद्याच्या हाती देण्यात आली. ज्येष्ठ संशोधकाच्या नेमणुकीचा विचार करताना या गृहस्थाच्या कामाचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. पहिली काही वर्षे सांगण्यासारखा निष्कर्ष हाती येणे शक्यच नव्हते. कारण निरोगी माणसे आजारी पडेपर्यंत वाट पाहणे हाच पाहणीचा गाभा होता. या काळात माणसांचा विश्वास संपादन करणे, ठरल्या वेळी त्यांना पुन्हा बोलावणे, गाव सोडून गेलेल्यांचा ठावठिकाणा राखणे आणि प्रत्येक मोजमाप एकाच रीतीने होते की नाही हे पाहणे, असे कंटाळवाणे भासणारे काम त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना करावे लागले. १९६१ मध्ये डॉबर, विल्यम कॅनेल आणि त्यांचे सहकारी यांचा जो निबंध प्रसिद्ध झाला, त्याच्या शीर्षकातच ‘धोक्याचे घटक’ या अर्थाचा शब्दप्रयोग होता. वाढलेला रक्तदाब आणि रक्तातील कोलेस्टेरॉल हे हृद्रोगाच्या आधी येतात, ही गोष्ट या नोंदींनी स्पष्ट केली. आज ती आपणांस बालबोध वाटते. ती सिद्ध करण्यास मात्र बारा-तेरा वर्षे लागली.

पदवी आणि पात्रता

नोंदी जमल्या, पण त्यांचा अर्थ लावणे ही निराळीच विद्या ठरली. समजा, वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन, धूम्रपान यांसारखे सात घटक आहेत आणि प्रत्येकाचे कमी, मध्यम व अधिक असे तीन भाग पाडले. सर्व घटकांचा एकत्र विचार करावयाचा तर लोकांची २,१८७ गटांत विभागणी करावी लागेल. ५,२०९ माणसे इतक्या गटांत वाटली तर एका गटाच्या वाट्याला सरासरीने दोन-तीनच माणसे येतील! अशा गटांवरून अनुमान काढणे व्यर्थ होय. जेरोम कॉर्नफील्ड या संख्याशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये आणि पुढे सहकाऱ्यांसह १९६७ मध्ये यावर मार्ग काढला. माणसांचे तुकडे न पाडता, सर्व घटक एकाच समीकरणात गुंफून प्रत्येक घटकाचा भार स्वतंत्रपणे अजमावता येतो, हे त्यांनी फ्रॅमिंगहॅमच्या आकड्यांवरून दाखविले. जगभरच्या दवाखान्यांत आज रोग्याचा दहा वर्षांतील धोका वर्तविण्यासाठी जी कोष्टके वापरतात, त्यांचे मूळ या कामात आहे.

या कॉर्नफील्ड यांची विद्यापीठीय पदवी कोणती होती? ती इतिहास या विषयातील होती. वैद्यकाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती आणि विद्यावाचस्पतीची उपाधीही नव्हती. पदव्यांच्या यादीवरूनच उमेदवार गाळणाऱ्या निवड समितीपुढे त्यांचा अर्ज आला असता, तर तो पहिल्या चाळणीतच खाली पडला असता. याचा अर्थ पदव्या निरर्थक आहेत असा नव्हे. या क्षेत्रात वैद्यक, संख्याशास्त्र आणि संगणनविद्या यांचा संगम होत असल्यामुळे कोणतीही एक पदवी पुरेशी साक्ष देत नाही, एवढाच त्याचा अर्थ. उमेदवाराने कोणता प्रश्न सोडविला आणि तो कसा सोडविला, ही साक्ष अधिक भरवशाची असते.

त्याच पाहणीत मज्जारोगतज्ज्ञ फिलिप वुल्फ यांचा प्रवेश झाला, तेव्हा हृदयाची नोंदवही मेंदूचीही नोंदवही बनली. हृदयाचे वरचे कप्पे, म्हणजे अलिंदे, कधी कधी नियमित आकुंचन न पावता नुसती थरथरत राहतात. संधिवाताच्या ज्वराने हृदयाच्या झडपा बिघडलेल्या रोग्यात ही थरथर धोक्याची आहे, हे वैद्यांस माहीत होते. झडपा चांगल्या असतील तर मात्र ती फारशी चिंतेची मानली जात नसे. १९७८ मध्ये वुल्फ व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, झडपा निर्दोष असतानाही अशा माणसांत पक्षाघाताचे प्रमाण पाचपटींहून अधिक असते. थरथरणाऱ्या अलिंदात रक्त साकळते, त्याची गुठळी सुटून मेंदूकडे जाते आणि तेथील रोहिणी बंद पाडते. पुढे विविध देशांत नियंत्रित प्रयोग झाले आणि रक्त साकळू न देणाऱ्या वॉर्फरिन या औषधाने अशा रोग्यांतील पक्षाघात सुमारे दोन तृतीयांशाने टळतात, हे सिद्ध झाले. नोंद, तीवरून अनुमान, अनुमानाची प्रयोगाने परीक्षा आणि अखेरीस उपचार, अशी ही साखळी आहे. ज्येष्ठ संशोधकाला या साखळीतील एखाद्या कडीपुरते नव्हे, तर सर्व कड्यांचे भान असावे लागते.

आकडे केव्हा फसवितात

आता या नाण्याची दुसरी बाजू पाहू. ऋतुनिवृत्तीनंतर संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत हृद्रोग कमी आढळतो, असे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अनेक मोठ्या पाहण्यांत दिसून आले होते. नोंदी विपुल होत्या आणि त्या गोळा करणारे लोकही कुशल होते. त्यामुळे हृदयाच्या रक्षणासाठी या गोळ्या देण्याकडे वैद्यांचा कल झाला. पुढे अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवर रीतसर प्रयोग करण्यात आला. कोणास खरी गोळी द्यावयाची आणि कोणास तिच्यासारखीच दिसणारी निष्क्रिय गोळी द्यावयाची, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दैवावर सोपविले होते. हा प्रयोग जुलै २००२ मध्ये मुदतीपूर्वीच थांबवावा लागला. खरी गोळी घेणाऱ्या स्त्रियांत हृद्रोग कमी झाला नव्हता, उलट वाढला होता. पक्षाघातही वाढला होता. दरसाल १०,००० स्त्रियांमागे हृद्रोगाच्या सुमारे ७ आणि पक्षाघाताच्या सुमारे ८ घटना अधिक घडत होत्या. याच प्रयोगाशी संलग्न अशा २००३ च्या अभ्यासात, पासष्टी ओलांडलेल्या स्त्रियांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळले.

मग आधीच्या नोंदी खोट्या होत्या काय? नाही. गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया सामान्यतः अधिक सुशिक्षित, सुस्थितीतील आणि प्रकृतीची काळजी घेणाऱ्या होत्या. त्यांच्या आरोग्याचे श्रेय गोळीला मिळाले. शिवाय धोका गोळी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काळात अधिक होता, आणि जुन्या पाहण्यांत नोंदल्या गेलेल्या बहुतेक स्त्रिया तो काळ सुखरूप पार पाडून आलेल्या होत्या. ज्यांना त्या काळात अपाय झाला, त्या यादीत आल्याच नव्हत्या. आकडा खरा होता; त्याला विचारलेला प्रश्न सदोष होता. नोंदींची संख्या वाढविल्याने असा दोष जात नाही, उलट चुकीच्या उत्तराला अधिक वजन मात्र प्राप्त होते.

आजच्या संगणकयंत्रांच्या युगात हा धडा विशेष मोलाचा आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिक येथील संशोधकांनी सुमारे १ लाख ८१ हजार रोग्यांच्या विद्युत्-आलेखांवर यंत्राला शिक्षण दिले. डोळ्यांना अगदी नियमित दिसणाऱ्या आलेखावरूनही, या माणसाच्या अलिंदांची थरथर अधूनमधून होत असावी, हे ते यंत्र बऱ्याच अंशी ओळखू लागले. ही कामगिरी निःसंशय मोठी आहे. परंतु यंत्र हा भेद कशावरून ओळखते, हे माणसाला सहज सांगता येत नाही. म्हणून एका रुग्णालयात घडविलेले असे साधन दुसऱ्या देशातील, दुसऱ्या वयोगटातील लोकांना लागू पडेल किंवा नाही, हे प्रत्यक्ष ताडून पाहिल्याखेरीज सांगता येणार नाही.

मुलाखतीत काय विचारावे

वरील दोन्ही कथांवरून निवड समितीला काही प्रश्न सुचतात.

पहिला प्रश्न, हा आकडा आला कोठून? जाड दंडावर अरुंद पट्टा बांधला तर रक्तदाब प्रत्यक्षाहून अधिक दिसतो. पाहणीच्या मध्येच मापनयंत्र बदलले, तर सगळ्या गावाची प्रकृती एका वर्षात सुधारल्याचा किंवा बिघडल्याचा भास होतो. ज्या उमेदवाराने नोंदी घेणाऱ्या परिचारिकेशेजारी बसून एकदाही मोजमाप पाहिलेले नाही, त्याला हा प्रश्न सुचणे कठीण.

दुसरा प्रश्न, नोंदवहीतून कोण गळाले? स्मरणशक्तीच्या अभ्यासात ज्यांची स्मृती ढासळते तेच पुढील तपासणीला येईनासे होतात. उरलेल्यांचीच सरासरी काढली, तर म्हातारपणी बुद्धी फारशी मंदावत नाही, असा सुखद पण चुकीचा निष्कर्ष निघेल.

तिसरा प्रश्न, तुमचे अनुमान चुकीचे आहे हे कशाने सिद्ध होईल? ज्याच्याजवळ याचे उत्तर नाही, त्याच्याजवळ सिद्धांत नसून केवळ मत आहे. या बाबतीत संयमाचे एक उदाहरण देता येईल. रक्तदाब अधिक कसोशीने खाली ठेवल्यास मेंदूचे रक्षण होते काय, याची परीक्षा ९,३६१ लोकांवर करण्यात आली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार बुद्धीची सौम्य दुर्बलता सुमारे १९ टक्क्यांनी घटली. प्रत्यक्ष स्मृतिभ्रंश मात्र निश्चितपणे घटला असे म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. संशोधकांनी या दोन्ही गोष्टी सारख्याच स्पष्टपणे सांगितल्या. दुसरी गोष्ट दडवून पहिलीचाच डांगोरा पिटण्याचा मोह ज्याला आवरतो, तोच ज्येष्ठ म्हणवून घेण्यास पात्र होय.

चौथा प्रश्न, उमेदवाराच्या हाताखाली कोण तयार झाले? तीस वर्षे चालावयाचे काम एका माणसाच्या हयातीत पुरे होत नाही. फ्रॅमिंगहॅममध्ये डॉबर यांच्यानंतर १९६६ मध्ये कॅनेल संचालक झाले, आणि कॅनेल हे त्याच पाहणीत १९५० पासून काम करीत आले होते.

भारताला उसने आकडे का पुरणार नाहीत

फ्रॅमिंगहॅमच्या पहिल्या पिढीतील लोक बहुतांशी युरोपीय वंशाचे होते. त्यांच्यावरून केलेली कोष्टके आपल्या लोकांना जशीच्या तशी लावणे योग्य नव्हे. ५२ देशांत करण्यात आलेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील आकड्यांवरून पुढे असे दिसून आले की, दक्षिण आशियातील लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका सरासरीने ५३ व्या वर्षी येतो, तर इतरांना सुमारे ५९ व्या वर्षी. पुण्याजवळील सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून गरोदर स्त्रियांची व त्यांच्या मुलांची जी पाहणी चालविली, तीत असे आढळले की, आपल्याकडील नवजात अर्भके इंग्लंडमधील अर्भकांपेक्षा वजनाने बरीच हलकी असतात. पण त्यांच्या अंगातील मेद त्या मानाने घटलेला नसतो. हडकुळ्या दिसणाऱ्या देहात मेद अधिक असणे हे पुढील आयुष्यातील मधुमेहाशी व हृद्रोगाशी निगडित आहे. लठ्ठपणाच्या परदेशी मोजपट्टीने असा धोका कधीच हाती लागला नसता.

सुदैवाने आपल्या देशातही नोंदवह्या उघडल्या गेल्या आहेत. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील मेंदू संशोधन केंद्राने कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर परिसरात ४५ वर्षांवरील १०,००० ग्रामीण लोकांचा दीर्घकाल पाठपुरावा करण्याचे योजिले आहे. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या सेवेतील व सेवानिवृत्त मंडळींचा आणि त्यांच्या कुटुंबीयांचा, सुमारे १०,००० जणांचा समूह उभा करण्यास आरंभ केला. या नोंदींचे ज्ञानात रूपांतर करावयाचे तर वर वर्णन केलेल्या गुणांची माणसे हवीत. ती केवळ जाहिरात देऊन मिळत नाहीत. ती टिकवावी लागतात.

संस्थेचे कर्तव्य

नेमणूक हा दुतर्फी करार आहे. उमेदवाराची पारख करणाऱ्या संस्थेने स्वतःलाही काही प्रश्न विचारले पाहिजेत. वीस वर्षांच्या कामासाठी आपण तीन वर्षांची नेमणूक तर देत नाही ना? संशोधकाशेजारी वैद्य, संख्याशास्त्रज्ञ, संगणनज्ञ आणि खेडोपाडी जाऊन नोंदी घेणारे प्रशिक्षित कार्यकर्ते आहेत काय? आणि दरवर्षी छापलेल्या निबंधांची संख्या मोजून आपण त्याला उतावळे तर करीत नाही? फ्रॅमिंगहॅमवरही असा प्रसंग आला होता. वीस वर्षांत जे कळावयाचे ते कळून चुकले, असे मानून १९६९ च्या सुमारास सरकारने पाहणी बंद करण्याचे ठरविले. त्या वेळी बॉस्टन विद्यापीठात गेलेल्या डॉबर यांनी देणग्या मिळवून ती तगविली आणि १९७१ मध्ये त्या विद्यापीठाच्या सहकार्याने ती पुन्हा मार्गी लागली. त्याच वर्षी मूळ लोकांच्या ५,१२४ मुलांचा व त्यांच्या जोडीदारांचा दुसरा समूह सुरू झाला. ती नोंदवही त्या वेळी मिटली असती, तर १९७८ चा अलिंदांविषयीचा शोध तीतून निघाला नसता. स्मृतिभ्रंशाचे नवे रुग्ण १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून दर दशकाला सरासरी २० टक्क्यांनी घटत आले, हा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला आशादायक निष्कर्षही निघाला नसता.

आणखी एक गोष्ट सांगून हे विवेचन पुरे करू. नोंदवहीतील प्रत्येक ओळीमागे एक माणूस असतो. तो कामधंदा सोडून तपासणीला येतो, दंड पुढे करतो, रक्त देतो आणि घरच्या आजारांविषयी परक्यासमोर बोलतो. त्यापासून होणारा लाभ बहुधा त्याला स्वतःला मिळत नाही. तो त्याच्या मुलानातवंडांच्या पिढीला मिळतो. त्याची संमती घेणे, त्याची माहिती गुप्त राखणे आणि तीतून जे निष्पन्न झाले ते त्याला समजेल अशा भाषेत परत नेऊन सांगणे, हे संशोधकावरील ऋण होय. निवड समितीने उमेदवाराचे निबंध वाचावेत, त्याचे गणित तपासावे, त्याच्या यंत्रविद्येचीही परीक्षा घ्यावी. पण अखेरीस, ज्या लोकांच्या नोंदी त्याने वापरल्या त्यांच्याविषयी तो कसा बोलतो, हेही कान देऊन ऐकावे. हे ऋण जाणणाऱ्या संशोधकालाच माणसे पुढील तपासणीसाठी पुन्हा दार उघडतात. आणि दार उघडले तरच नोंदवहीचे पुढचे पान भरते.